शिल्लक चाळीस मिनिटं

१

दुपारी ताट घासून पालथं घातलं, की बाबा चष्मा पुसून टेबलाशी बसत आणि हातात पेन्सिल घेत. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासून झाली होती, निवृत्त होऊनही सहा वर्षं लोटली होती, पण हाताची खोड काही जात नव्हती. प्रुफं यायची थांबली तेव्हा ते औषधांच्या खोक्यांतले कागद वाचायला लागले आणि त्यांतल्या चुकांवर खुणा करायला लागले. त्या खुणा कुणी बघणार नव्हतं. तरी चूक दिसली आणि सोडून दिली, असं त्यांच्याच्याने होत नसे.

त्या आठवड्यात त्यांच्यापुढे डीव्हीडी रेकॉर्डरची माहितीपुस्तिका होती. तिच्यात अठ्ठावीस चुका सापडल्या. यंत्र कसं चालवायचं ते मात्र काही केल्या सापडलं नाही.

रेकॉर्डर ठमीने पाठवला होता. ठमी ही त्यांची एकुलती एक लेक. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते घरात कुणाच्या तोंडी बसलंच नाही. बसने पाच तासांच्या अंतरावर ती शिक्षिका होती. पंधरा दिवसांपूर्वी तिने फोन केला, इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "बाबा, आईचा आवाज मला आठवेनासा झालाय."

"भलतंच काय? असं कसं होईल?"

"झालंय खरं. चेहरा आठवतो, फोटो आहेत ना. पण आवाज आठवायला गेले की माझाच मला ऐकू येतो. आईने काढलेल्या त्या टेप आहेत ना तुमच्याकडे? त्यांची डीव्हीडी करा. मला ऐकायचाय हो."

ठमीची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज अर्ध्या गावाच्या कानावरून गेला होता. लोक दुकानात तिला पाहून ओळखत नसत, पण तिने "अर्धा किलो द्या" म्हटलं की माना वळत. तिला जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती, आणि पोटच्या पोरीला तो आवाज आठवू नये, हे बाबांच्या फार जिव्हारी लागलं.  आपल्याला तरी तो नीट आठवतोय का, हे तपासून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

२

"काका, लहान मूल करेल हे," कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं. "कॅमेऱ्याच्या तीन वायरी. पिवळी चित्राची, पांढरी आणि तांबडी आवाजाच्या. रंगाला रंग जोडायचा. तिकडे टेप सुरू करायची, इकडे लाल बटण दाबायचं. टेप जेवढा वेळ, तेवढा वेळ गप्प बसायचं. मध्ये काही दाबलंत की डिस्क गेली. कोरी डिस्क कडेनेच धरा, बोटं नका लावू. आणि सगळं झालं की शेवटी डिस्क बंद करायची. यादीत तळाला आहे ते."

"बंद म्हणजे?"

"शिक्का मारला समजा. बंद केल्याशिवाय ती दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर चालत नाही. आणि एकदा बंद केली की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. बंद करून माझ्याकडे आणा, हव्या तेवढ्या कॉपी काढून देतो."

लहान मूल करील ते करायला बाबांना चार दुपारी लागल्या. पहिल्या डिस्कवर वीस मिनिटं नुसता अंधार भरला, कारण पिवळी वायर तांबड्या भोकात होती. दुसरीवर त्यांचा अंगठा स्पष्ट उमटला होता. तिसऱ्या डिस्कने मात्र तोंडातून हूं की चूं न करता काम सुरू केलं. रेकॉर्डरच्या काचेवर शिल्लक मिनिटं दिसू लागली, एकशे वीस, एकशे एकोणीस, आणि बाबा हात मांडीवर ठेवून मुकाट्याने बसले.

पडद्यावर ठमी सायकल शिकत होती. ठमी परीक्षेला निघाली होती. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, बाबा डुलक्या घेत होते, बाबा वर्तमानपत्र घेऊन डुलक्या घेत होते. ठमीची आई एकाही चित्रात नव्हती, कारण कॅमेरा कायम तिच्या हातात असे. "अहो, इकडे बघा ना. तुमच्या त्या प्रुफांना पाय फुटणार नाहीत." आवाज आला आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. कसा विसरले असते ते? जसाच्या तसा होता.

तिला कॅमेरा सुरू करता यायचा, बंद करणं काही केल्या जमत नसे. दर तुकड्याच्या शेवटी ती म्हणायची, "झालं. अहो, ही बंद कशी करायची?" मग चित्रातले बाबा उठत, जवळ जवळ येत, त्यांचा तळवा सगळा पडदा भरून टाकी आणि अंधार होई.

तिसरी टेप संपता संपता कॅमेऱ्यातून कण्हल्यासारखा आवाज आला. आत पट्टी गुंडाळली गेली होती आणि मोटर बंद पडली होती. दुकानदाराने हात टेकले. असल्या कॅमेऱ्याचे भाग आता कुठेच मिळत नव्हते. म्हणजे ठमीच्या आईचा आवाज आता फक्त त्या एका डिस्कवर होता. ऐंशी मिनिटं भरली होती आणि काचेवर आकडा होता चाळीस.

आता डिस्क बंद करायची एवढंच राहिलं होतं. पण छापखान्याचा नियम बाबांच्या अंगात मुरला होता. शेवटचं प्रूफ त्याच दिवशी छापायला सोडायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची आणि ताज्या डोळ्यांनी पुन्हा वाचायचं. त्यांनी वहीत लिहिलं, "तीन तुकडे. शिल्लक ४०. उद्या तपासून बंद करणे." आणि डिस्क यंत्रातच राहू दिली.

३

सकाळी काचेवर सदतीस होते.

बाबांनी वही बघितली. मग चष्मा पुसला, मग पुन्हा वही बघितली. सदतीस आणि चाळीस यांत घोटाळा व्हावा असं त्यांचं अक्षर नव्हतं. त्या अक्षरावर चौतीस वर्षं पोट भरलं होतं.

रिमोटने यादी उघडली. काल तीन तुकडे होते, आज चार होते. चौथ्याच्या चौकटीतलं इवलंसं चित्र करड्या रंगाचं होतं.

त्यांनी ते सुरू केलं. हीच खोली होती. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. टेबलाशी एक म्हातारा पाठमोरा बसला होता, त्याच्या समोर टीव्ही होता आणि टीव्हीवर ठमी सायकल शिकत होती. चित्र स्वयंपाकघराच्या दारातून घेतलेलं होतं आणि धरणाऱ्याच्या श्वासाबरोबर किंचित खालीवर होत होतं. तीन मिनिटं दुसरं काहीच झालं नाही. मग अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा आवाज आला.

"किती वाळलेत हे."

बाबांनी रिमोट खाली ठेवला. पाणी प्यायलं. मग तर्क लढवायला बसले. कालचा कॅमेरा वायरीला जोडलेला होता, मधेच कधीतरी त्याने समोरचं टिपलं असेल. पण वायर होती चार फूट आणि स्वयंपाकघराचं दार होतं बारा फुटांवर, हे त्यांनी मोजपट्टी लावून मोजलं. शिवाय ठमी सायकल शिकत होती ती टेप चालू असताना कॅमेरा स्वतःच ती दाखवत होता. एकाच वेळी दाखवायचं आणि बघायचं, हे त्याला कसं जमणार? आणि चित्रातल्या म्हाताऱ्याच्या अंगावर तपकिरी शर्ट होता. तो शर्ट गेल्या हिवाळ्यात ठमीने आणला होता. तिच्या आईने तो पाहिलेलाही नव्हता.

आवाजाबद्दल मात्र त्यांनी तर्क केला नाही. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतंच.

४

डिस्क त्यांनी बंद केली नाही. करायला हवी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी ते ठरवत आणि रोज सकाळी आधी काचेवरचा आकडा बघत. चौतीस. एकतीस. सव्वीस.

नवे तुकडे सगळे दुपारचे होते आणि सगळ्यांत बाबाच होते. बाबा कणीक मळल्यासारखा शर्ट पिळताहेत. बाबा फोडणी करपवून खिडकी उघडताहेत. "चहात तिसरा चमचा," आवाज म्हणायचा. "घाला, घाला. कोण आहे बघायला!" एकदा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "कॉलर आत गेलीय." बाबांनी मानेमागे हात नेला. अजूनही आतच होती.

काही चुकतंय हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. पण तीन वर्षांत त्यांना कुणी कॉलर नीट करायला सांगितलं नव्हतं. ते रोज दाढी करू लागले. शर्टांना इस्त्री करू लागले. साखर दोन चमच्यांवर आली. दुपारी टेबलाशी बसल्यावर पाठ ताठ ठेवू लागले, आणि कधीकधी मागे न बघताच म्हणत, "आज भाजी बरी झाली होती हं." त्या क्षणी उत्तर येत नसे. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर मिळे, "मीठ कमी होतं." बाबा एकटेच मोठ्याने हसत. इतके खूश ते कित्येक महिन्यांत नव्हते.

ठमीचा फोन आला. "झाली का डीव्हीडी? मी रविवारी येतेय न्यायला."

"अगं, जरा अडचण आहे," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजाचा त्यांना राग आला. "डिस्क... बघतो. तू ये तर."

"बाबा, काही बिघडलं तर नाही ना? ती एकच आहे ना?"

"एकच आहे," ते म्हणाले.

५

शिल्लक सोळा झाली तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. खरं तर ती आधीच दिसायला हवी होती. त्यांनी सगळे नवे तुकडे ओळीने लावून पाहिले आणि पेन्सिलीने वहीत अंतरं लिहिली. पहिला तुकडा स्वयंपाकघराच्या दारातून. तिसरा कपाटापासून. पाचवा मधल्या खुर्चीच्या पाठीमागून. कालचा इतक्या जवळून होता की पडद्यावर फक्त त्यांची मान होती. पिकलेले केस, मानेवरची घडी, कॉलरची शिवण. कालच्या तुकड्यात बोलणं नव्हतंच. चार मिनिटं श्वास होता, आणि शेवटी ते नेहमीचं.

"झालं. अहो, ही बंद कशी करायची?"

चित्रातला म्हातारा पाठमोराच बसून राहिला. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा आवाज आला, थोडा घाबरलेला. "अहो. ही बंद होत नाहीये." मग तुकडा मधेच तुटला.

त्या दुपारी बाबांनी दाढीचा आरसा आणून टेबलावर टेकवून ठेवला. आरशात मागची खोली दिसत होती. कपाट, खुर्ची, दार. सगळं रिकामं. तासभर त्यांनी पापणी न लववता आरशात बघितलं. मानेवर एकदा उबदार वाटलं, पण खिडकीतून ऊन येत होतं, त्याचंही असेल. सकाळी नव्या तुकड्यात त्यांची मान होती, मानेपलीकडे टेबल होतं आणि टेबलावर तो आरसाही होता. बाबांनी चित्र थांबवलं आणि पडद्याला नाक लावलं. कॅमेरा धरणारं माणूस त्या आरशात दिसायलाच हवं होतं. पण आरशावर उजेड आला होता आणि तिथे नुसतं पांढरं होतं.

ते खुर्चीत येऊन बसले आणि त्यांना रडू आलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. कॅमेरा घरात नऊ वर्षं होता. नऊ वर्षांत एकदाही त्यांना सुचलं नव्हतं, की आण इकडे, आज मी तुला काढतो. तिकडे लेकीला आवाज हवा होता, तो त्यांनी यंत्रात अडकवून ठेवला होता. इकडे ती विचारत होती बंद कशी करायची, आणि आपली करमणूक होतेय म्हणून ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करत होते.

६

रविवारी सकाळी ठमी आली ती दारातूनच बोलत आली. "अय्या, बाबा! दाढी काय, इस्त्री काय! कुणी बघायला येणारेय का तुम्हाला?" पिशवीतून तिने टेबलासाठी आणलेलं नवं कापड काढलं, पिवळ्या पट्ट्यांचं, आणि चहाआधीच ते अंथरलं. जुनं कापड बघवत नाही म्हणाली.

काचेवर शिल्लक होती चार.

"थांब," बाबा म्हणाले. "हिच्यावर शिक्का मारायचा राहिलाय."

यादीच्या तळाशी ते होतं. यंत्राने विचारलं, नक्की का? बाबांचा अंगठा बटणावर थांबला. ठमी पाच तास बसमधून आली होती आणि लहानपणी नवं पुस्तक उघडण्याआधी बसायची तशी हात मांडीत घेऊन बसली होती. बाबांनी मनातल्या मनात म्हटलं, करतो गं बंद, आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, बराच वेळ फिरत राहिलं आणि शांत झालं. शिल्लक शून्य.

सुरुवातीपासून लावलं. "अहो, इकडे बघा ना," आवाज आला आणि ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हाच," ती म्हणाली, "हाच, बाबा. कसा विसरले मी?" ती हसत होती, रडत होती, पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकत होती. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांना वाटलं, झालं, सगळं चोख झालं. तिसरा तुकडा संपला की बंद करू, पुढचं तिला दाखवायचं नाही. ते रिमोटकडे वळले.

पण तिसऱ्यानंतर यादीत एकच तुकडा होता. बाकीचे नव्हते. तो आपोआप सुरू झाला.

हीच खोली होती. खिडकीशी खुर्ची, आणि खुर्चीत निळ्या स्वेटरमध्ये ठमीची आई. चेहरा खिडकीकडे वळवलेला. फक्त गाल, कान आणि कानामागे केस सारणारा हात दिसत होता. "नका ना हो," ती म्हणाली, "मला नका काढू. अवतार बघा माझा." कॅमेऱ्यामागून एक पुरुषी आवाज हसला. "अगं, बघ तर खरी इकडे." ती हसू दाबत वळायला लागली, आणि चित्र संपलं.

"बाबा!" ठमी ओरडली. "तुम्ही काढलंत? आईला? कधी? तुम्ही तर कधी कॅमेरा हातात धरत नव्हता!"

बाबा अजून पडदा वाचत होते. चित्रातल्या टेबलावर पिवळ्या पट्ट्यांचं कापड होतं. चित्रातल्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी मान वळवून घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

ठमीचे डोळे आईच्या गालावरून हललेच नव्हते. कापडाकडे तिचं लक्ष गेलं नाही.

७

"मी राहू का आज?" ठमीने विचारलं. "शाळेला उद्या सुट्टी टाकते. आपण दोघं पुन्हा बघू."

राहा, हा शब्द जिभेवर आला होता. बाबांना एकटं राहायचं नव्हतं. पण त्या चित्रात ठमी नव्हती. ती त्या वेळी या खोलीत असली, तर ती चित्रात कुठे असेल, हा विचार त्यांना सहन झाला नाही.

"वेडी का काय? पोरांच्या वह्या कोण तपासणार?" ते म्हणाले. "तीनची गाडी पकड. आणि डिस्क कडेने धर."

बसथांब्यावर तिने त्यांना इतकी घट्ट मिठी मारली की चष्मा वाकला. "आज किती वर्षांनी आई घरी असल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. बस वळणाआड जाईपर्यंत बाबा हात हलवत राहिले, आणि नंतरही थोडा वेळ.

घरी येऊन त्यांनी दोन्ही कप धुतले. दुधाचं भांडं झाकलं. काहीच होणार नाही, ते स्वतःला सांगत होते, सव्वापाच वाजतील, मी चहा करीन, आणि उद्या ठमीला फोनवर सांगीन की तुझ्या बापाला म्हातारपणी भास व्हायला लागलेत. तरी त्यांनी बाहेरच्या दाराला आतून कडी लावली नाही. उद्या कुणाला दार तोडायला लागू नये.

पाचला दहा कमी असताना त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला. बॅटरी नव्हती, टेपचं झाकण उघडं लोंबत होतं. पट्ट्यात हात घातला. तो तिच्या हाताच्या मापाचा होता, त्यांना घट्ट झाला. डावा डोळा मिटायचा की उजवा, तेही त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही करून बघितले. आत अंधार होता.

मग आत उजेड आला. खिडकी, टेबल, पिवळे पट्टे, रिकामी खुर्ची. खोलीत आवाज नव्हता. मागे स्वयंपाकघरात चपला ओढत कुणीतरी चालू लागलं, त्यांच्या उजव्या खांद्याजवळून पुढे गेलं आणि खुर्ची करकरली. चित्र हलत होतं. बाबांनी कोपरं पोटाशी टेकवली, श्वास रोखला आणि कॅमेरा स्थिर केला.